निमविषारी

मराठीतला 'निम' आणि आमच्या उर्दूतला 'नीम' हे एकाच घरचे शब्द. दोघांचेही मूळ फारसी. निमसरकारी, निमशहरी म्हणताना मराठी माणसाला ते जाणवत नाही एवढेच. आमची शाळा वीस टक्के अनुदानावर होती तेव्हा आम्ही शिक्षक स्वतःला गमतीने निमपगारी म्हणत असू. उर्दूत म्हण आहे, 'नीम हकीम, खतरा-ए-जान'. अर्धवट वैद्यापासून जिवाला धोका. म्हणजे तिथे 'निम'ने धोका वाढतो. सापाच्या बाबतीत मात्र 'निमविषारी' म्हटले की आपण निर्धास्त होतो.

२०१८ च्या पावसाळ्यात अकोला जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत सातवीतला एक मुलगा लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी घेऊन आला. झाकणाला तापवलेल्या खिळ्याने भोके पाडलेली. आत बारीक अंगाचा, तपकिरी, नागमोडी खुणांचा साप. घरामागच्या पराटीच्या ढिगात सापडला होता.

"सर, मांजऱ्या है. काटा तो बी कुछ नै होता, थोडी सूजन आती बस."

पोराची माहिती खोटी नव्हती. मांजऱ्याचे विषदंत वरच्या जबड्यात मागच्या बाजूला असतात. ते नागासारखे पोकळ नसतात, त्यांना नुसती खोबण असते. भक्ष्य तोंडात धरून चावत राहिल्यावर विष झिरपते. पाली-सरडे त्याने सुस्त होतात. माणसाला सहसा सूज आणि वेदना यापलीकडे काही होत नाही. हरणटोळही याच जातकुळीतला. त्याच्याविषयी तो झाडावरून उडी मारून टाळू फोडतो अशी समजूत आहे. बिचारा हिरव्या वेलीसारखा पडून असतो.

मी त्या दिवशी बरणी परत पाठवायला हवी होती. साप पकडून जवळ ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. पण मी बरणी विज्ञानाच्या कपाटावर ठेवून घेतली. शिकवायला उपयोग होईल असे स्वतःला सांगितले. उपयोग झालाही. एरवी पेंगणारी मुले पुढे सरकून बसू लागली, दुसऱ्या वर्गाची मुले खिडकीशी जमू लागली. 'साँपवाले सर' असे माझे नाव पडले आणि खरे सांगायचे तर ते मला आवडले.

हे आवडणे मला ओळखीचे होते. बी.एड.ला अमरावतीत असताना खोलीवरच्या एका मित्राने चिखलदऱ्याहून हरणटोळ आणला होता. पलंगावरच्या मच्छरदाणीत तो चार दिवस होता. पाहायला येणाऱ्यांना मित्र आधी सांगायचा, "विषारी आहे, लांब उभे राहा." ते गेले की आम्हाला सांगायचा, "अरे, निमविषारी आहे, काही होत नाही." एकाच सापाची ही दोन नावे. बाहेरच्यांसाठी पूर्ण विष, कारण त्यात आपले धाडस दिसते. आतल्यांसाठी अर्धे, कारण किंमत द्यायची नसते. असा साप पाळणाऱ्याला सापाचे आकर्षण असतेच, पण त्याहून अधिक स्वस्तातल्या शौर्याचे असते, असे मला तेव्हाही वाटले होते. तरी सहा वर्षांनी मी तेच केले.

स्वस्त तरी ते कुठे आहे? रॉबर्ट मेर्टेन्स हे जर्मनीतले मोठे सर्पशास्त्रज्ञ. फ्रँकफर्टच्या सेंकेनबर्ग संग्रहालयाचे ते संचालक होते. १९७५ साली घरी पाळलेल्या, मागच्या दातांच्या आफ्रिकी सापाला खाऊ घालताना तो त्यांना चावला. अठरा दिवस त्यांनी स्वतःच्या मरणाची टिपणे लिहिली. १९५७ साली शिकागोचे कार्ल श्मिट अशाच दुसऱ्या आफ्रिकी सापाने, बूमस्लँगने, गेले. आपला मांजऱ्या तेवढा घातक नाही. पण वऱ्हाडात त्याची गाठ फुरशाशी आहे. दोघांचा रंग आणि नक्षी अशी की शेतकरी मांजऱ्याला फुरसे समजून ठेचतो. मग हौशी पोर फुरशाला मांजऱ्या समजून हातात धरणार नाही कशावरून? फुरशाचे अंग आखूड, जाड आणि खवले खरखरीत. मांजऱ्याची मान बारीक, शेपूट लांब, अंग गुळगुळीत. पराटीच्या ढिगात अंधारात हात घालणाऱ्याला हा फरक दिसेलच असे नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरच आपल्याकडची प्रतिविषाची लस तयार होते. त्यांत फुरसे आहे, यावरून काय ते समजावे.

तरी धोका हे माझ्या मते मुख्य कारण नाही. बरणीत अगदी बिनविषारी साप असता, तर प्रश्न मिटला असता का?

अकराव्या दिवशी, सोमवारी सकाळी, मांजऱ्या मेलेला सापडला. मुलगा त्याला बेडूक देत होता, एकदा उकडलेले अंडेही दिले. मांजऱ्या रात्री फिरून पाली-सरडे खाणारा प्राणी. त्याने कशालाच तोंड लावले नव्हते. आम्ही त्याच्या गप्प पडून राहण्याला 'माणसाळला' म्हणत होतो. पोर हुंदके देऊन रडले. त्याचे प्रेम खोटे नव्हते, आणि तिथेच माझी अडचण आहे.

मांजर बांधून ठेवणाऱ्या बाईची हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. तिने मांजराला खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडूकमिडूक खायला मोकळेही सोडले नाही, म्हणून ती आगीची धनी झाली. त्या हदीसमध्ये तिचे मांजरावर प्रेम होते की नव्हते हे विचारलेलेच नाही. दोनच गोष्टी विचारल्या आहेत. खाऊ घातले का? नसेल, तर सोडले का? आमच्या कपाटावरच्या 'मांजऱ्या'ला हेच दोन प्रश्न लागू होते आणि दोन्हींचे उत्तर नाही असे होते.

शिक्षकखोलीत हे बोललो तेव्हा एक सहकारी म्हणाले, "जनाब, साप मारायची तर इजाजत आहे, तुम्ही एवढे मनाला काय लावून घेता?" आहे. पण घरात दिसलेल्या सापाला आधी बजावण्याचीही शिकवण आहे. शिवाय इजा टाळण्यासाठी मारण्याची मुभा म्हणजे उपाशी कोंडण्याची मुभा नव्हे. कुर्बानीच्या जनावरासाठीसुद्धा सुरी धारदार हवी, त्याचे हाल होऊ नयेत, असे बजावणारा हा दीन आहे. दुसरे एक तरुण शिक्षक म्हणाले, लहानग्या अबू उमैरच्या पाखराची विचारपूस खुद्द रसूलुल्लाहंनी केली होती, मग पाळणे वाईट कसे? मुद्दा चांगला होता. पण पाखराला काय खायला लागते हे त्या घराला माहीत असणार. आम्हाला मांजऱ्याचे नाव माहीत होते, भूक माहीत नव्हती. अमेरिकेत होगनोज नावाचा असाच मागच्या दातांचा साप पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मतो आणि लोक तो रीतसर पाळतात. त्याचा हिशेब वेगळा असू शकेल. पराटीतून उचललेल्याचा नाही.

दुसऱ्या बाजूचे एक म्हणणे मात्र मला अजून खोडता आलेले नाही. हाच मुलगा आदल्या वर्षापर्यंत साप दिसला की दगड घेऊन धावायचा. हाताळल्याने त्याची भीती गेली. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत बसले, तेही साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवायलाच. अशा माणसांमुळे महाराष्ट्रात सर्पमित्र ही जमात उभी राहिली आणि असंख्य साप वाचले. आणि गारुड्यांचे काय? त्यांत आपलेही गरीब भाऊबंद होते. नागाचे दात पाडून पोट भरणाऱ्यांची पुंगी कायद्याने बंद केली, ते योग्यच झाले. पण मोबाईलवर सापाचे मुके घेणाऱ्याला लोक धाडसी म्हणतात आणि गारुड्याला क्रूर. हा न्याय मला समजत नाही. माझ्या कपाटावरची बरणी या दोघांपैकी कोणाच्या जवळची होती, हेही मी ठरवू शकलेलो नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. साप निघाला की वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावतो आणि माणूस येईपर्यंत गर्दीला लांब ठेवतो. हे बरणीमुळे झाले की बरणी असूनही झाले, त्यालाही सांगता येत नाही. मी विचारले होते.

बरणी त्याच्या अम्मीने परत घेतली नाही. साबणाने तीनदा धुऊन पाठवली होती, तरी नाही. ती शिक्षकखोलीतच राहिली. आता तिच्यात खडू असतात. झाकणाला भोके असल्याने पावसाळ्यात ते ओले होतात.