तिजोरी, डिटेक्टिव्ह आणि क्षमा

ओ. हेन्री यांच्या कथेवर आधारलेल्या, जॅक कॉन्वे दिग्दर्शित ‘एलियस जिमी व्हॅलेंटाइन’ या १९२८च्या हॉलिवूडपटात तिजोरीफोडीचा धंदा सोडून सचोटीने जगू लागलेला जिमी, बँकेच्या पोलादी तिजोरीत कोंडल्या गेलेल्या मुलीला वाचवण्यासाठी आपली जुनी विद्या पुन्हा वापरतो आणि मागावर असलेल्या डिटेक्टिव्ह डॉइलसमोर स्वतःची ओळख उघड करतो. तरीही डॉइल त्याला अटक न करता निघून जातो. या निघून जाण्यातच दंडनीतीचा, म्हणजे शिक्षेमागील तत्त्वविचाराचा, मूळ प्रश्न दडलेला आहे. तत्त्वज्ञ कांट यांच्या मते शिक्षा ही केलेल्या गुन्ह्याची न्याय्य परतफेड असते, त्यामुळे गुन्हेगार पुढे सुधारला म्हणून ती टळत नाही. उलट ख्रिस्ती विचारातील ‘कृपा’, म्हणजे पात्रतेच्या हिशेबापलीकडे मिळणारे ईश्वरी दान, हा हिशेबच बाजूला सारते. येथे मात्र क्षमा करणारा ईश्वर नसून पगारी पोलीस आहे, आणि ज्यांच्या तिजोऱ्या फुटल्या त्यांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, ही शंका अत्यंत रास्त आहे. तथापि जिमीची कृती हेच त्याचे प्रायश्चित्त, म्हणजे शुद्धीसाठी स्वेच्छेने पत्करलेले क्लेश, मानावे लागते, कारण ज्या बोटांनी चोरी केली त्याच बोटांनी त्याने, तुरुंग समोर दिसत असताना, एक जीव सोडवला.