तिला थंडी वाजत नाही का?

“आई, त्या ताईला थंडी वाजत नाही का?”

चिऊनं विचारलं तोवर ती ताई आम्हाला ओलांडून पुढं गेली होती. दहा-अकरा वर्षांची असेल. अंगात पातळ फ्रॉक, पाय अनवाणी, डोक्यावर फडक्याची चुंबळ आणि चुंबळीवर वाळक्या फाट्यांचा भारा. चिऊच्या डोक्याला कानटोपी, अंगात दोन स्वेटर, पायांत मोजे आणि बूट. मी चटकन म्हणाले, “तिला सवय आहे, बाळा.”

चिऊचं समाधान झालं. ती पुन्हा पानं वेचायला लागली. माझे बाबा मात्र चालायचे थांबले.

संक्रांतीनंतरचा रविवार होता. आम्ही बोईसरला राहतो आणि मी इथल्याच तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. थंडीत सकाळी खिडकी उघडायची नाही, हा आमच्या घरचा नियम. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खालीच बसते. वरच्या उबदार हवेचं जणू झाकण पडतं आणि धूर त्याखाली कोंडून राहतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातल्या प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिलं होतं. त्यामुळं चिऊला माहीत असलेली थंडी बंद काचेपलीकडची. चार वर्षांच्या पोरीनं एकदा तरी छातीभर गार हवा घ्यावी म्हणून आम्ही पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा खिंडीत आलो, वाघोबाला हात जोडले आणि काळदुर्गाच्या वाटेनं रानात शिरलो. गड चढायचा नव्हताच. एवढ्याशा मुलीबरोबर निघालं की दर दहा पावलांवर एक गड लागतो.

पहिला गड म्हणजे ऐनाचं झाड. त्याच्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवरून तिनं दोन्ही हात फिरवले. दुसरा गड सागाचं गळलेलं पान, तिच्या तोंडापेक्षा मोठं आणि दवानं ओलं. ते तिनं कानटोपीवर छत्रीसारखं धरलं. वाटभर तशाच पानांचा थर पडला होता, पण दवामुळं त्यांचा आवाज येत नव्हता. “पानं झोपलीत,” ती कुजबुजली आणि चवड्यांवर चालायला लागली. तिच्या तोंडातून वाफ निघाली. आपल्या तोंडातून ढग निघतो हे तिला तेव्हाच कळलं. पुढची दहा मिनिटं आम्ही तिघं ढग सोडत उभे होतो. मी इतकी सुखात कितीतरी महिन्यांनी होते. त्याच सुखात ती भारेवाली मुलगी आली, आणि चिऊचा प्रश्न आला.

“हे उत्तर तुला कुणी शिकवलं?” बाबांनी विचारलं.

“कुणी कशाला शिकवायला हवं? सगळेच म्हणतात.”

“म्हणून तर विचारतोय.”

कोरड्या ओढ्याच्या काठी एका दगडावर ऊन आलं होतं. बाबा तिथं टेकले. चिऊ खाली पानांची गादी करत बसली.

“पोरी, माझी नोकरीची पहिली वर्षं जव्हार तालुक्यात गेली,” बाबा म्हणाले. “पहिलीच्या वर्गात एक मुलगा अकरा वाजले की पेंगायचा. मी त्याला आळशी ठरवलं. उभा केला, रागावलो. मग एकदा त्याच्या पाड्यावर रात्री राहायची वेळ आली. कुडाच्या भिंतीतून वारा येत होता. मधे शेकोटी आणि तिच्याभोवती सगळं घर झोपलेलं. शेकोटी विझत आली की पोरं कुडकुडत उठायची, फाटी सारायची, पुन्हा पडायची. रात्रीतून चार वेळा. सकाळी तोच मुलगा अर्धी भाकर खाऊन माझ्याबरोबर शाळेत आला. आता सांग, कुडकुडणं म्हणजे काय? तू सायन्स शिकलीस.”

“स्नायू भराभर आकसतात नि सैल पडतात, त्यातून उष्णता तयार होते.”

“आणि त्याला जळण कशाचं?”

“अन्नाचं.”

“म्हणजे थंडी भाकर खाते. आधीच अर्धी, तिच्यातला घास थंडीला. त्यात लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर निवतं.”

“वजनाच्या मानानं कातडी जास्त असते त्यांची,” मी म्हणाले. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर चिऊला दोन स्वेटर चढवले होते. तेच ज्ञान त्या दुसऱ्या मुलीला लावावं, असं मात्र मला सुचलं नव्हतं.

“१९९२ साली त्याच जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला कुपोषणानं मुलं दगावली,” बाबा म्हणाले. “तेव्हापासून मुलांच्या बाबतीत ‘सवय’ हा शब्द मी तोंडातून काढून टाकला. बघणाऱ्याला सवय होते गं. सोसणाऱ्याची हाडं रोज नव्यानं गारठतात.”

मी थोडा वेळ गप्प राहिले. मग मला रागच आला.

“मग काय करायचं, बाबा? उठायचं आणि घरी जायचं? त्या मुलीला स्वेटर नाही म्हणून माझ्या मुलीनं तोंडातून ढग सोडायचे नाहीत?”

“तसं कुठं म्हणालो मी?”

“पण वागलात तसंच! आम्ही भावंडं लहान असताना तुम्ही आम्हाला एकदाही रानात नेलं नाही. तीस वर्षं रानातल्या शाळांत काढलीत, आणि मला सागाचं झाड चाळिशीला आल्यावर नीट कळतंय.”

बाबांनी हातातली काठी आडवी ठेवली. “खरं आहे. मला जमलं नाही. जानेवारी आला की मी दिवस मोजायचो, कधी एकदा ऊन तापतं म्हणून. ज्या वाटेवर माझी शाळेतली पोरं कुडकुडत यायची, त्याच वाटेवर स्वतःच्या पोरांना मजेला आणायची लाज वाटायची.”

“त्या लाजेनं कुणाला ऊब मिळाली?”

मी हे बोलायला नको होतं असं तोंडातून गेल्यावर वाटलं. पण बाबांनी ते नीट ऐकून घेतलं.

“कुणालाच नाही,” ते म्हणाले. “तुमचं मात्र एक सुख गेलं.”

“म्हणजे सुख सोडून देणं हे काही उत्तर नव्हे.”

“नव्हे. पण तू केलंस तेही नव्हे. असं बघ, आपण ‘गुलाबी थंडी’ म्हणतो. कुणाला गुलाबी? जिला ती हवी तेव्हा थांबवता येते तिला. आपली गाडी खिंडीत उभी आहे. चिऊचं नाक लाल झालं की काच वर, घरी गेलं की आंघोळीला ऊन पाणी. तेवढं पाठीशी आहे म्हणून ही थंडी गोड लागते. त्या गोडीत गैर काही नाही. पण ती टिकवायला तुला मघाशी त्या मुलीची थंडी खोडावी लागली. ‘तिला वाजतच नाही’ असंच तू चिऊला सांगितलंस. चिऊनं बरोबर बघितलं होतं. तुझ्या उत्तरानं तिचे डोळे मिटले.”

हे मात्र लागलं. चार वर्षांच्या मुलीला ढग दाखवायला, पान दाखवायला इथवर आणायचं, आणि तिनं आपण होऊन एक माणूस बघितलं की तिथं तिची नजर वळवायची.

“माझा स्वेटर देऊ का तिला? गाठू आपण.”

“द्यावासा वाटला तर दे. पण कशासाठी देतेस ते बघ. तिची थंडी जावी म्हणून, की तुझी टोचणी जावी म्हणून?”

“बाबा, न देण्याला कारणं फार चांगली मिळतात माणसाला. टोचणी जावी म्हणून दिलेला स्वेटरही उबदारच असतो.”

बाबा हसले. “हेही खरं. मान्य.” आणि मग हळू म्हणाले, “पण तिला काय हवंय ते आपण दोघांनी अजून विचारलेलंच नाही. ती काही लाचार होऊन समोर उभी नव्हती. घरचं काम करत होती.”

मग ते कोसबाडचं सांगू लागले. तरुण असताना तिथली शाळा बघायला गेले होते, ती आठवण ते नेहमी काढतात. आज मात्र मी ती वेगळ्या कानांनी ऐकली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढं ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत ना. ‘या लोकांना शिक्षणाची सवय नाही’ असं म्हणून घरी बसणं सोपं होतं.

“त्या दोघींनी उलट बघितलं,” बाबा म्हणाले. “मूल येत नाही, तर ते आहे कुठं? अंगणात. मग बालवाडी अंगणात नेली, म्हणून अंगणवाडी. मोठी मुलं येत नाहीत, ती कुठं आहेत? गुरांमागं, कुरणात. मग शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. शिकवायला साधनं कुठली? बिया, पानं, शिंपले, खडे. आता चिऊनं मांडलंय ना, तेच. १९७५ पासून सरकारनं देशभर अंगणवाड्या सुरू केल्या, तो शब्द आपल्या या पट्ट्यातल्या अंगणांतून गेलाय. ‘सवय’ म्हटलं की प्रश्न संपतो, पोरी. ‘कुठं आहे, काय करतंय’ म्हटलं की पाय निघतात.”

पाय निघाले ते चिऊचे. आमच्या बोलण्याला कंटाळून ती वाटेच्या वळणापर्यंत गेली होती. आम्ही लगबगीनं मागं गेलो. वळणापलीकडं कंबरभर उंच खडक होता. त्यावर भारा टेकवून ती मुलगी उन्हात बसली होती, आणि चिऊ तिच्यासमोर उभी.

“तुला थंडी वाजते?”

“वाजते ना,” ती मुलगी म्हणाली. इतकं साधं. त्यात तक्रार नव्हती, लाज नव्हती.

“मग?”

“चाललं का जाते. नि उन्हात बसायचं.” आणि खडकाचा तापलेला भाग चिऊला देऊन ती स्वतः सावलीकडं सरकली.

मी बाबांकडे बघितलं नाही. त्यांनीही माझ्याकडे बघितलं नसावं.

मुलीनं कमरेच्या फडक्याची गाठ सोडली. आत रानबोरं होती, बारकी, लालसर, काही सुरकुतलेली. “घे.” तिनं मूठभर चिऊच्या ओंजळीत घातली. चिऊला बोरं चांगली ओळखीची. चारच दिवसांपूर्वी आमच्या घरी तिचं बोरन्हाण झालं होतं. बोईसरच्या बाजारातून आणलेली बोरं, चुरमुरे, हलवा, उसाचे करवे. ऋतू बदलताना मुलाला बाधू नये म्हणून त्याच्या डोक्यावरून हे सगळं ओततात, एवढं तिला आजीनं सांगितलं होतं. ती खडकावर चढून उभी राहिली आणि काही कळायच्या आत तिनं ती सगळी बोरं त्या मुलीच्या डोक्यावर ओतली.

मुलगी दचकली, मग खळखळून हसली. बोरं केसांतून, खांद्यांवरून घरंगळत पानांत पडली. ती वेचायला दोघीही खाली वाकल्या. बोरन्हाणातही तसंच असतं. ज्याच्या डोक्यावर पडतं त्यालाही वेचायला मिळतं. चिऊनं एक बोर खाऊन तोंड वाकडं केलं आणि दुसरं उचललं.

निघताना मुलीनं भारा उचलून द्यायला बाबांना खूण केली. मी पुढं झाले. एकटीला जमेना, तेव्हा बाबांनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून तो तिच्या चुंबळीवर ठेवला तेव्हा माझे खांदे भरून आले. तिची मान क्षणभर खाली गेली आणि सरळ झाली. ती पाड्याच्या वाटेला लागली. माझा स्वेटर माझ्या अंगातच राहिला. द्यायला हवा होता की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.

परतताना ऊन झाडांतून खाली उतरलं होतं, दव उडालं होतं आणि सकाळची मुकी पानं पायांखाली चुर्र चुर्र वाजत होती. “पानं उठली!” चिऊ ओरडली आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागली. बाबाही, सत्तरीला आलेले, मुद्दाम वाळल्या पानांवरून चालत होते.

“चिऊ,” मी म्हणाले, “मघाशी मी तुला चुकीचं सांगितलं. त्या ताईला थंडी वाजते.”

“मला माहितीये. तिनंच सांगितलं.” मग तिनं त्या मुलीचं नावही सांगितलं. आम्ही दोघं भारा उचलून देईपर्यंत तिच्याजवळ उभे होतो, आणि नाव विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

थोडं पुढं गेल्यावर चिऊ थांबली. “मग तिला स्वेटर का नाही?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तो जुना शब्द जिभेवर नव्हता, आणि त्याच्या जागी दुसरा तयारही नव्हता. यात जमीन होती, रान होतं, मजुरी होती, बाबांच्या शाळेतला पेंगणारा मुलगा होता, आमच्या कारखान्यांचं बोईसरही होतं.

“ते सांगायला खूप वेळ लागेल, चिऊ.”

“मग हळूहळू चालू,” ती म्हणाली आणि तिनं माझं बोट धरलं.

गाडी दिसत होती. आम्ही पुन्हा रानाकडे वळलो आणि मी सांगायला सुरुवात केली.