स्मरणाचे देणे

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आला की मुंबईच्या चौकाचौकांत फलक लागतात. वरच्या अंगाला स्थानिक पुढाऱ्यांच्या भल्यामोठ्या तसबिरी, खाली २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात पडलेल्या करकरे, कामटे, साळसकर, ओंबळे, उन्नीकृष्णन या रक्षकांची टिकलीएवढी चित्रे, आणि त्याहून खाली १६६ जणांच्या बलिदानास विनम्र अभिवादन. तसबिरींच्या आकाराचा प्रश्न अभिरुचीचा आहे, तो सोडून देता येईल. ती शेवटची ओळ मात्र सोडून देता येत नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर बोचकी-पेट्या जवळ घेऊन लांब पल्ल्याच्या गाडीची वाट पाहत बसलेल्या ज्या माणसांवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांनी काही अर्पण केले नव्हते. त्यांना गावी जायचे होते आणि त्यांचा जीव घेतला गेला. घेतल्या गेलेल्या जिवाला दिलेला जीव म्हणणे हा मृतांचा सन्मान नव्हे. त्यात, जीव घेतला जाईपर्यंत रक्षण करणारे कोठे होते, हा प्रश्न अलगद पुसला जातो.

रणात किंवा गावाच्या रक्षणात पडलेल्यांचे स्मरण ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. गावोगावच्या वेशीपाशी शेंदूर माखून उभे असलेले वीरगळ सर्वांच्या परिचयाचे आहेत. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर नाव नाही. पुढे भीमा कोरेगावच्या स्तंभावर कंपनी सरकारने साध्या शिपायांची नावे कोरली, १९३१ साली दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावे आली, आणि मुंबईच्या हुतात्मा चौकात तर संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शासनाच्याच गोळीबारात पडलेल्या नागरिकांचे स्मारक उभे राहिले. या प्रवासाचा रूढ अर्थ असा सांगितला जातो की स्मरण राजाकडून रयतेकडे आले, अनामिकाला नाव मिळाले, म्हणजे एकंदरीत लोकशाहीची वाढ झाली. हे खोटे नाही. परंतु या कथेत सारे लक्ष दगडावर खिळून राहते आणि दप्तराकडे कोणी पाहत नाही.

सभासदाच्या बखरीत प्रतापगडाच्या युद्धानंतरची हकीकत आहे. अफझलखानाचा वध आपल्याला तोंडपाठ असतो, त्यानंतरच्या ओळी सहसा वाचल्या जात नाहीत. महाराजांनी कामास आलेल्या लोकांच्या मुलांचे पुढे चालविले, ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांस निम्मे वेतन लावून दिले, आणि जखमींना त्यांच्या जखमा पाहून द्रव्य दिले, असे तेथे नमूद आहे. पुढे मराठी राज्याच्या कारभारात हीच रीत बालपरवेशी या नावाने रुजली. येथे स्मरण म्हणजे दरसाल खर्ची पडणारी रक्कम होती. ते कारकुनाच्या वहीत नांदत होते, आणि ती वही बंद पडली तर घरातली चूल बंद पडत होती. वीर विस्मरणात गेला की नाही, हे समारंभावरून ठरत नव्हते, नेमणूक चालू आहे की तुटली यावरून ठरत होते. या व्यवस्थेची मर्यादाही सांगितली पाहिजे: ती शिपायाची होती, मुलुखगिरीत ज्याचे घर जळाले त्या कुणब्याचे नाव त्या वहीत आले नाही. ते स्थान त्याला आधुनिक राज्याने दिले. हल्ल्यात सापडलेल्या सामान्य नागरिकाच्या वारसालाही शासन भरपाई देणे लागते, हे तत्त्व आपण स्वीकारले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी प्रगती तीच आहे.

म्हणूनच २००८ नंतर जे घडले त्याचा अर्थ आपण चुकीचा लावतो असे मला वाटते. सर्वसाधारण समजूत अशी, की त्या रात्रीनंतर समाजाला प्रथमच पोलिसांची किंमत कळली, हवालदार-फौजदारांना वीराचे स्थान मिळाले आणि कृतज्ञतेचा एक नवा संस्कार जन्माला आला. कृतज्ञता आली, यात शंका नाही. परंतु ती आली ती जबाबदेहीची जागा घेऊन.

सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचेच पाहा. हा माणूस प्रतापगडाच्याच जावळी मुलखातला, केडंबे गावचा. सैन्यात नोकरी करून मग पोलीस दलात आलेला. त्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाकाबंदीवर दोन हल्लेखोरांनी पळवून आणलेली गाडी अडली, एक हल्लेखोर मारला गेला, आणि दुसऱ्याच्या रायफलची नळी ओंबळ्यांनी दोन्ही हातांनी आपल्या देहाशी धरून ठेवली, ती गोळ्या अंगात शिरत असतानाही सोडली नाही. त्यामुळे तो दुसरा, म्हणजे कसाब, जिवंत हाती लागला आणि कटाचा उगम जगापुढे आला. २००९ च्या प्रजासत्ताकदिनी त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले; पुढे संशोधकांनी कोळ्याच्या एका नव्या जातीलाही त्यांचे नाव दिले. या शौर्यापुढे मान लवते, ती लवलीच पाहिजे. पण मान लवल्यावर नजर त्यांच्या हाताकडे गेली पाहिजे, कारण स्वयंचलित रायफलीसमोर उभ्या केलेल्या त्या हातात लाठी होती. लाठीचा उल्लेख आपण आज त्यांच्या धैर्याचे माप म्हणून करतो. वस्तुतः तो त्यांना तेथे नेमणाऱ्या व्यवस्थेवरचा आरोप आहे.

हा आरोप ज्यांनी उच्चारला त्या त्यांच्याच सहकाऱ्यांच्या घरच्या स्त्रिया होत्या. कविता करकरे यांनी पतीच्या चिलखती जाकिटाचे काय झाले हे विचारले. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून त्या रात्रीच्या नियंत्रण कक्षातील संभाषणांच्या नोंदी मिळवल्या, आणि कामा रुग्णालयाच्या बाजूच्या रंगभवन गल्लीत आपला नवरा व त्याचे सहकारी पडले असताना मदत का पोहोचली नाही, याचा मिनिटामिनिटाचा हिशेब ग्रंथरूपाने मांडला. वीरपत्नीने असले प्रश्न करू नयेत, त्याने हुतात्म्याचे तेज उणावते, अशी कुजबुज तेव्हा झाली. मला तर २६ नोव्हेंबरचे सर्वांत खरे स्मारक तो अर्जच वाटतो. हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीच्या अहवालाबाबतही आधी विधिमंडळापुढे केवळ कार्यवाहीचा तपशील आला आणि मूळ अहवाल मागाहून. या दिरंगाईची आठवण अभिवादनाच्या फलकांवर कधी आढळत नाही.

आणि जे गणवेशात नव्हते त्यांचे काय? टर्मिनसवर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी कक्ष न सोडता प्रवाशांना कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ध्वनिक्षेपकावरून सांगितले; कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी वीसएक गर्भवतींना एका खोलीत नेऊन दारे लावून घेतली, दिवे घालवले, आणि पुढे न्यायालयात जाऊन कसाबला ओळखले. त्याच टर्मिनसवर नऊ वर्षांची असताना पायात गोळी शिरलेली एक मुलगी पुढे कुबडीच्या आधाराने साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. त्या साक्षीचे कौतुक दरवर्षी होते, तिला व्यासपीठावर बोलावून शाल दिली जाते. पण शासनाकडून घर मिळावे म्हणून मोठेपणी त्याच मुलीला उच्च न्यायालयात जावे लागले, तिची मागणी एकदा अमान्य झाल्यावर पुन्हा जावे लागले. बालपरवेशीला दरखास्तीची वाट पाहावी लागावी, हे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या त्या कारभाराला मानवले नसते.

माझी मागणी लहान आहे. २६ नोव्हेंबरच्या शासकीय समारंभात पुष्पचक्र वाहून झाल्यावर गृहखात्याच्या सचिवाने उभे राहावे आणि प्रधान समितीच्या कोणकोणत्या शिफारशी अमलात आल्या, किनाऱ्यावरच्या किती गस्ती नौका त्या दिवशी चालू स्थितीत आहेत, नाकाबंदीवरच्या शिपायाच्या अंगावर कोणते जाकीट आहे, आणि त्या रात्रीच्या जखमींचे व वारसांचे कोणते अर्ज कोणत्या टेबलावर किती दिवस पडून आहेत, हे तारीखवार वाचून दाखवावे. अर्जदारांना त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवावे, आणि वाचन संपेपर्यंत मंत्रिमहोदयांनी जागा सोडू नये.