जुलैची ओल, एप्रिलचं काम

आपल्याकडे वर्ष एकदाच सुरू होत नाही. चैत्रातला गुढीपाडवा आहे, व्यापाऱ्यांच्या वह्या बदलणारा दिवाळीचा पाडवा आहे, हिशेबनिसांचा १ एप्रिल, शाळकरी मुलांच्या घरातला जून, शेतकऱ्याचं मृग नक्षत्र, आणि सगळ्या जगाबरोबरचा १ जानेवारी. इतके आरंभ हाताशी असूनही नव्या वर्षाचा संकल्प म्हटला की आपण १ जानेवारीकडेच बघतो. वजन, व्यायाम, वाचन, बचत. हे संकल्प कुठल्याही गावात, कुठल्याही हवेत, कुठल्याही घरात चालतील असे असतात. घराला स्वतःचं एक वर्ष असतं आणि संकल्प त्या वर्षाला बांधून घ्यावा लागतो, हे मला अलीकडे फार तीव्रतेने जाणवू लागलं आहे. त्याला कारण झाली आमच्या घरातली एक भिंत आणि दसऱ्याला घेतलेला नवा फोन.

ठाण्यातली आमची इमारत ऐंशीच्या दशकातली. झोपायच्या खोलीची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या थेट वाटेवर. जुलै उजाडला की कोपऱ्यात फिकट डाग उमटतो. मग रंग फुगतो, पापुद्रे सुटतात आणि गणपतीच्या सुमाराला क्षारांची पांढरी पूड जमिनीवर पडायला लागते. तेव्हा सगळ्यांना वाटतं की आता या भिंतीचं काहीतरी केलंच पाहिजे. पण तेव्हा काहीच करता येत नाही. ओल्या भिंतीवर नवं प्लास्टर नीट धरत नाही आणि भर पावसात परांचीवर माणूस चढवणं धोक्याचं. दिवाळीच्या आधी भिंत वरवर सुकते, रंगारी येतात, खरवडून लांबी भरतात, प्रायमर मारून रंगाचे दोन हात देतात. पाहुण्यांना भिंत छान दिसते. एप्रिल-मेमध्ये भिंत आतपर्यंत वाळलेली असते, भेग उघडून भरता येते, बाहेरून दुरुस्ती करता येते. आणि नेमकी तेव्हाच ती भिंत कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, कारण तिथे सुंदर रंग असतो.

त्रास होतो तेव्हा काम करता येत नाही आणि काम करता येतं तेव्हा त्रास आठवत नाही. घरातल्या बहुतेक कामांची अडचण हीच आहे. ती आळसाची नाही, पैशांचीही प्रत्येक वेळी नाही. माझ्या मते माणसाला संकल्पाची खरी गरज पडते ती इथे. जुलैमध्ये जे कळलं ते एप्रिलपर्यंत सांभाळून न्यायचं, हे संकल्पाचं काम. भारावून जाण्याच्या क्षणी केलेली मोठी घोषणा हे काम करू शकत नाही.

ओल ही केवळ दिसण्याची बाब असती तर इतका विचार केला नसता. काँक्रीट मुळात क्षारधर्मी असतं आणि त्या क्षारतेमुळे आतल्या लोखंडी सळयांवर एक संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत ही क्षारता कमी करत जातो. मग पाणी आणि ऑक्सिजन सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे आतून दाब येतो, काँक्रीटला तडा जातो, त्या तड्यातून आणखी पाणी. स्लॅबचे पोपडे पडून सळया उघड्या पडलेल्या जुन्या इमारती मुंबई-ठाण्यात पावलोपावली दिसतात. त्यातल्या कितीतरींची सुरुवात अशाच एखाद्या डागाने झाली असेल, ज्याच्यावर दरवर्षी मनापासून रंग लावला गेला.

आमच्या आजोळी, रत्नागिरीकडे, हे काम कुणाला आठवावं लागत नसे. जांभ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. वैशाख लागला की घर शाकारायला घ्यायचं. फुटकी कौलं बदलायची, वाशांना वाळवी लागली आहे का ते ठोकून बघायचं, पडवीला आडोसा म्हणून नारळाच्या झावळ्यांची झापं विणायची, लाकडं कोरड्यात रचायची. आगोटीची बेगमी म्हणजे फक्त मीठ-मसाला आणि सुकी मासळी नव्हे, घरही त्या बेगमीत असे. मृगाच्या आत हे व्हायचंच, कारण शेजारच्या घराच्या छपरावरही माणसं चढलेली दिसत. एका घराला विसर पडला तर दुसऱ्या घराच्या कौलांचा आवाज ऐकून आठवण होई. सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आपण बऱ्याच सुखसोयी मिळवल्या, पण हे सामायिक स्मरण हरवलं. आता प्रत्येक घराने आपापलं आठवायचं.

संकल्प ही गोष्ट आपल्या परंपरेत किती व्यवहारी आहे हे मला पूजा सांगणाऱ्या एका वयस्कर गुरुजींमुळे उमगलं. पूजेच्या आरंभी जो संकल्प सोडतात, त्यात आधी स्थळ येतं, अगदी गोदावरीच्या कुठल्या तीरावर बसलो आहोत इथवर. मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. त्यानंतर कोण आणि कशासाठी. आणि शेवटी, जे साहित्य मिळालं आहे त्यातूनच हे करणार आहे, अशी कबुली. कुठे, केव्हा, कोण, कशासाठी आणि काय हाताशी आहे, हे सांगितल्याशिवाय पळीतलं पाणी सुटत नाही. चातुर्मासातल्या नेमाचंही तसंच. आषाढीला घेतलेला नेम कार्तिकीला सोडायचा असतो. त्याला शेवट आहे, उद्यापन आहे, म्हणून तो पेलतो.

आधुनिक मानसशास्त्र याच्या फार जवळ येऊन पोचलं आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात मांडलं की नुसतं ध्येय ठरवण्यापेक्षा 'अमुक प्रसंग आला की मी अमुक करीन' असं वेळ आणि जागेसकट ठरवणाऱ्यांच्या हातून काम होण्याची शक्यता बरीच वाढते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला. त्यात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवस इतका वेगळा निघाला. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही, हेही त्यात दिसलं. २१ दिवसांत आयुष्य बदलण्याची आश्वासनं ऐकून निराश झालेल्या प्रत्येकाला हे सांगावंसं वाटतं.

आता फोनकडे येते. जुना फोन फार हळू चालायला लागला होता, म्हणून साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधून नवा घेतला. सगळा मजकूर एका संध्याकाळी जुन्यातून नव्यात आला. फोटो जागच्या जागी आलेत का ते बघताना मी सहज 'भिंत' असं शोधलं, आणि गेल्या काही वर्षांतले त्याच भिंतीचे फोटो समोर आले. दरवर्षी कुणाला तरी तक्रार म्हणून पाठवण्यासाठी काढलेले आणि नंतर पडून राहिलेले. प्रत्येकावर तारीख होती. ओळीने पाहिले तेव्हा डाग कसा सरकत गेला ते स्पष्ट दिसलं. सुरुवातीच्या वर्षी तो खिडकीच्या छज्ज्याजवळ होता, मग भिंतीतून खाली उतरला, शेवटच्या वर्षी जमिनीलगत पसरला. आम्ही रंग लावत होतो तो खालच्या कोपऱ्याला.

ते फोटो एका जुन्याजाणत्या गवंड्याला दाखवले. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, छज्जा आणि भिंतीच्या सांध्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ओल दिसते तिथं पाणी शिरत नसतं. हा सांधा सुटलाय. आणि छज्ज्याला उतार बाहेरच्या बाजूला हवा, तो आत झालाय. आता हात लावू नका, उन्हाळ्यात बोलवा."

फोनच्या कॅमेऱ्याच्या जाहिराती सूर्यास्त आणि हसरे चेहरे दाखवतात. त्यांचं मोल आहेच. पण एका ऋतूने दुसऱ्या ऋतूसाठी ठेवलेला पुरावा जपणं, हे या यंत्राचं मला सगळ्यांत मोलाचं काम वाटतं. मी आता 'घर' नावाचा अल्बम केला आहे. बाथरूमचं काम निघालं तेव्हा फरशी बसण्याआधी भिंतीतल्या पाइपांचे फोटो शेजारी टेप धरून काढले. पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर अंदाज बांधावा लागणार नाही. रंगाच्या डब्यावरचा शेड नंबर, मुख्य नळाचा कॉक कुठे आहे, गीझरची पावती, दाराची बिजागरी पावसात कुठे घासते, सगळं त्यात आहे. आठवणीची घंटा लावताना नुसतं 'भिंत' लिहून चालत नाही. फोटो, माणसाचं नाव आणि पहिलं पाऊल असं तिन्ही लिहावं लागतं. वर्षभराने ती घंटा वाचणारी व्यक्ती आजच्या रागातून आणि निश्चयातून पूर्ण बाहेर आलेली असते, तिला सगळं पुन्हा सांगावं लागतं.

हा फोन टिकवणं हेही यंदाच्या ध्येयांत आहे. विकत घेताना मी कॅमेऱ्याआधी सॉफ्टवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारलं. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांचं आश्वासन दिल्यापासून हा प्रश्न दुकानात हक्काने विचारता येतो. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनसाठी नियमच लागू केले आहेत: बॅटरीने ८०० वेळा चार्ज होऊनही मूळ क्षमतेच्या ८० टक्के तरी शिल्लक ठेवावी, आणि महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षं मिळावेत. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केलं. ते पुढे नेऊन सुट्या भागांची सक्ती व्हायला हवी असं मला ठामपणे वाटतं. दुरुस्त करता येत नाही ती वस्तू आपली आहे असं म्हणणं कठीण आहे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो मनातून जात नाही. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा मुलगा जुलैत ओल सोसतो आणि एप्रिलच्या आत घर सोडतो. त्याच्या जागी येणाऱ्याला नवा रंग दिसतो. भिंतीचा इतिहास तिथे कुणाकडेच राहत नाही. घर सोडताना किल्लीबरोबर असे फोटोही पुढच्या माणसाला द्यायची पद्धत पडली तर किती बरं होईल. घरमालकाने ते मागून घ्यावेत, सोसायटीने इमारतीच्या दफ्तरात ठेवावेत. पैसा लागत नाही, फक्त एकाने सुरुवात करायची.

आमच्या खोलीला या दिवाळीत रंग दिलेला नाही. लक्ष्मीपूजनाला येणाऱ्यांना ती भिंत तशीच दिसेल, पापुद्र्यांसकट, आणि विचारलं तर मी कारण सांगेन. जानेवारीत सोसायटीची सभा आहे. आमच्या रांगेतल्या सगळ्या छज्ज्यांना एकदाच परांची बांधली तर खर्च वाटला जाईल, म्हणून तोवर बाकीच्या मजल्यांवर जाऊन त्यांच्याकडचे पावसाळी फोटो गोळा करायचे आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे साधा बटणांचा फोन आहे, त्यांच्या भिंतीचे फोटो मीच काढून आणणार आहे. गवंड्यांनी रामनवमीनंतरचा आठवडा दिला आहे. सांधा भरून झाल्यावर सात दिवस तरी त्यावर पाणी मारत राहावं लागेल, आणि ते कुणी कुठल्या वेळी मारायचं याच्या पाळ्या आम्ही आत्ताच लावायला घेतल्या आहेत.