बोलता येते तोवर

आपले भान हरपले तर आपल्या वतीने कोणी बोलावे? मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ पासून २०१५ पर्यंत अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयालाच दिला; त्यांची स्वतःची इच्छा कोठेही लिहिलेली नव्हती. २०१८ च्या निकालाने अशी इच्छा आधीच लिहून ठेवता येते. २०२३ पासून दोन साक्षीदार व नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरे.

हा देवावरील अविश्वास होय काय? वधस्तंभावरून प्रभूने आपल्या मातेला शिष्याच्या हाती सोपविले, तेही वाचा शाबूत असताना. जीवन देवाचेच आहे. परंतु निर्णयाचे ओझे शोकाकुल लेकरांवर टाकणे, याला विश्वास कसे म्हणावे? आजच घरी बोला, आणि लिहून ठेवा.