घर कोणाचे?



प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारणाऱ्या मुलांचे फॉर्म भरून घेत असताना एका मुलाने मला विचारले, "फादर, पत्ता कुठला लिहू? पप्पांकडचा की आजीकडचा?" मी म्हणालो, "तू राहतोस तिथला लिही." तो जरा थांबला आणि म्हणाला, "दप्तर आजीकडे आहे, पण सायकल पप्पांकडे आहे."

मूल ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र त्याचाच आहे, आणि तो माझ्या मनातून गेलेला नाही. वेगळे राहणारी पती-पत्नी आपल्याही धर्मग्रामात आहेत. त्यांच्याविषयी वेदीवरून आपण क्वचित बोलतो. मिस्सा सुटल्यावर गेटपाशी मात्र पुष्कळ बोलतो. चूक कोणाची यावर चर्चा होते. मुले आज कुठे झोपणार आणि त्यांच्या शाळेची फी कोण भरणार, हे प्रश्न आपण वकिलांवर सोडून देतो. पण हे प्रश्न फक्त वकिलांचे नाहीत. ते नीतीचे आहेत, म्हणून आपलेही आहेत.

ख्रिस्तसभा विवाहाचे बंधन अतूट मानते. तरीही एकत्र राहणे जोडीदाराला किंवा मुलांना धोक्याचे झाले, तर बंधन कायम ठेवून वेगळे राहण्याची वाट ख्रिस्तसभेच्या कायद्यातच आहे. त्याच ठिकाणी, कॅनन क्रमांक ११५४ मध्ये, एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे : पती-पत्नी विभक्त झाली, तरी मुलांच्या पालनपोषणाची आणि शिक्षणाची योग्य तजवीज झालीच पाहिजे. चूक कोणाची, अशी अट तिथे नाही. चर्चच्या न्यायालयाने विवाह अवैध ठरवला, तरी निकाल देताना एकमेकांप्रती आणि मुलांप्रती असलेल्या जबाबदारीची आठवण दोघांना करून द्यावी लागते. नवरा-बायकोचे नाते कोर्टात नेता येते. आई-बाप असण्याचा राजीनामा कुठेच देता येत नाही.

आता घराकडे वळू. भांडण झाले की पहिला प्रश्न येतो, "घर कोणाच्या नावावर आहे?" आपल्याकडे घर ज्याच्या नावावर, त्याच्या मालकीचे असा सर्वसाधारण नियम आहे. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. आपल्या वाडीतली घरे पुष्कळदा सासऱ्यांच्या नावावर असतात, म्हणून "सुनेचा इथे काय संबंध?" असे सहज म्हटले जाते. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने पत्नीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. ते घर सासू-सासऱ्यांचे असले तरी सामायिक घर ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. हा फरक विचार करण्यासारखा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच फरक फार पूर्वी मांडला होता. वस्तू एकाच्या ताब्यात असावी हे रास्त आहे, पण तिचा उपयोग करताना दुसऱ्याच्या गरजेचा विचार केलाच पाहिजे, अशी त्यांची शिकवण आहे. सातबारावर किंवा फ्लॅटच्या कागदावर लहान मुलाचे नाव सहसा नसते. म्हणून "नाव कोणाचे" हा प्रश्न पहिला विचारला, तर मूल त्या प्रश्नातूनच बाहेर फेकले जाते. पहिला प्रश्न असा हवा : मुले कुठे राहतील, कोणत्या शाळेत जातील, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर असेल का? मालकीचा हिशेब त्यानंतर करावा.

प्रभू येशूने एका पळवाटेवर कठोर शब्दांत टीका केली आहे. संत मार्क यांच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ती आढळते. आई-वडिलांना जे द्यायचे, ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे सांगून काही लोक जबाबदारीतून अंग काढून घेत. कागद बिनचूक, शब्द धार्मिक, आणि म्हातारे आई-बाप उपाशी! आजचा कुर्बान निराळा दिसतो. फ्लॅट घाईघाईने भावाच्या नावावर होतो. परदेशातला पगार कागदावर एकाएकी निम्मा होतो. उलट बाजूने, स्वतःची मिळकत लपवून मागणी वाढवली जाते. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपले उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथेवर उघड करावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले. शपथेवर खोटे बोलणे हे आठव्या आज्ञेचे पाप आहेच. मुलाच्या ताटातले काढून घेणे हे सातव्या आज्ञेचेही आहे.

काही वडील मला म्हणतात, "फादर, फ्लॅटचा हप्ता मी भरतो, राहतो मित्राच्या खोलीत, आणि मुलांना भेटूही देत नाहीत. मग पैसे का द्यायचे?" त्यांचे दुःख खरे आहे. ते हलके समजू नये. पण पैसे आणि भेट यांची अदलाबदल होऊ शकत नाही. दोन्ही मुलाचे हक्क आहेत. भेट नाही म्हणून पैसे थांबवणारा आणि पैसे नाहीत म्हणून भेट थांबवणारी, दोघेही एकमेकांवर नेम धरतात, आणि घाव मुलाला बसतो. मुलांना ओलीस धरू नका, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात कळकळीने सांगितले होते.

एका पगारात दोन बिऱ्हाडे चालवायची तर ओढाताण होणारच. कोणत्याही न्यायाधीशाला त्या पगाराचे दोन पगार करता येत नाहीत. अशा वेळी न्याय म्हणजे रुपयाचे दोन सारखे तुकडे नव्हेत. कमी पडणारच असेल, तर ते मुलांना सर्वांत शेवटी कमी पडावे, हा न्याय.

शलमोन राजाची गोष्ट आपण सर्व जाणतो. खऱ्या आईने मूल वाचावे म्हणून हक्क सोडला. ही गोष्ट सांगून आपण बरेचदा नमते घेणाऱ्यालाच म्हणतो, "तूच समजून घे, तूच सोड." पण गोष्टीचा शेवट आठवा. जिने सोडले, तिलाच राजाने मूल दिले. जो आधी नमतो त्याच्याच माथी सगळा भार टाकणे, ही तडजोड नव्हे, अन्याय आहे. मध्यस्थी करणाऱ्या मामा-काकांनी, आणि आम्हा धर्मगुरूंनीही, हे लक्षात ठेवावे.

आपल्या सर्वांसाठी दोन गोष्टी. पोटगी मागणाऱ्या भगिनीला लोभी म्हणू नका. पोटगी ही भीक नाही, देणे आहे. आणि केवळ वेगळे राहावे लागते म्हणून कोणी ख्रिस्तशरीरापासून दूर राहण्याची गरज नाही. अशी पुष्कळ माणसे शरमेने मागच्या बाकावर बसून राहतात. त्यांना जवळ बोलवा.

त्या मुलाच्या फॉर्मवर आम्ही शेवटी दोन्ही पत्ते लिहिले. एका ओळीची जागा होती, दुसरा पत्ता समासात लिहावा लागला. दोन्ही घरी त्याला भीती न वाटता झोप लागावी, एवढी प्रार्थना या आठवड्यात आपण सर्वांनी करू या. आणि ज्यांना पुढचे पाऊल सुचत नसेल, त्यांनी संध्याकाळच्या मिस्सेनंतर मला अवश्य भेटावे. जे बोलाल ते माझ्यापाशीच राहील.

प्रभूचा आशीर्वाद आपल्या प्रत्येक घरावर असो.

आपला प्रभूमध्ये,
प्रमुख धर्मगुरू