उत्तर थोडं राखून

उत्तर माहीत असलं की सांगून टाकावंसं वाटतं. शिकवणाऱ्याला तर फारच. तास चाळीस मिनिटांचा, धडा संपवायचा असतो, आणि समोरचं मूल चाचपडताना बघवत नाही. पण गृहविज्ञानाच्या तासाला उत्तर जरा वेळ ओठांतच ठेवावं आणि काय होतं ते बघावं. जुलाब झाल्यावर देतात त्या जलसंजीवनीचाच पाठ घ्या. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. फळ्यावर लिहायला मिनिटभर पुरतं. मुलं उतरवून घेतात, परीक्षेत लिहितातही. त्याऐवजी दोन गटांना दोन भांडी द्यावीत, साखर-मीठ द्यावं आणि बाईंनी बाजूला उभं राहावं. एका गटाचा चमचा शिगोशीग भरतो. दुसऱ्या गटातली एखादी मुलगी चमच्यावरचं जास्तीचं मीठ बोटाने अलगद खाली सारते. मग दोन्ही पाणी चाखून बघायचं. "बाई, यांचं खारट का लागतंय?" इथे बाईंनी लगेच बोलू नये. थोडा वाद होऊ द्यावा. मुलं दोन्ही चमचे शेजारी शेजारी धरतात आणि कारण त्यांचं त्यांनाच सापडतं. त्यानंतर बाईंनी सांगावं, की हे पाणी डोळ्यांतल्या अश्रूंपेक्षा खारट होता कामा नये, जास्त मीठ लहान बाळाला घातक ठरू शकतं. चमचा सपाट का हवा, हे मग कुणाला पाठ करावं लागत नाही.

विसरवाडीसारख्या गावात हे थांबणं अधिकच मोलाचं आहे. धुळ्याहून सुरतेला जाणाऱ्या महामार्गावरचं, नवापूर तालुक्यातलं हे गाव. या भागात पाड्यांवरची मुलं शाळेत येतात, त्यांतल्या कितीतरी घरांत मावची किंवा भिली बोलली जाते. गृहविज्ञान हा विषयच असा, की त्याचा अर्धा अभ्यास मूल घरूनच करून आलेलं असतं. त्याने पाणी भरलेलं असतं, धाकट्याला कडेवर खेळवलेलं असतं, चुलीपुढे बसून भाकरी थापलेली असते. चौरस आहाराच्या छापील तक्त्यावर मात्र सफरचंद आणि पावाचे काप दिसले, की त्याला वाटतं आपल्या घरचं यात काहीच नाही. म्हणून 'काय खावं' हे सांगण्याआधी 'काल घरी काय शिजलं' हे विचारावं. आधी बाईंनी आपल्या घरचं साधं जेवण सांगावं, म्हणजे ज्याच्याकडे नुसती चटणी-भाकरी होती त्यालाही संकोच वाटणार नाही. मग फळ्यावर नावं येऊ लागतात. नागली, भात, तूर, उडीद, पावसाळ्यातल्या रानभाज्या. आता अन्नघटकांचा तक्ता मुलांच्याच हाती द्यावा. शंभर ग्रॅम नागलीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा, हे त्यांनीच बोट ठेवून वाचावं. आजीच्या नागलीच्या भाकरीला त्या दिवशी वर्गात केवढा मान मिळतो! नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, हेही त्यांना कळू द्यावं. भातात जे प्रथिनांचे घटक कमी पडतात ते डाळीत असतात आणि डाळीत कमी पडतात ते भातात. घरोघरी दोन्ही एका ताटात का येतात, हे कोडं मुलं जोडीने बसून सोडवू शकतात.

आपल्याकडे ही वाट जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत नेलं. पानं, बिया, शंख-शिंपले हेच त्यांचं शिकवायचं सामान. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, तर त्यांनी कुरणातच शाळा भरवली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला, तिथेही हाताने काम करत शिकायचं. शेती आणि अभियांत्रिकीच्या बरोबरीने गृह-आरोग्य हाही तिथला एक विभाग, आणि तो मुलगे-मुली दोघांसाठी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कणीक मळणं, बाळाची काळजी घेणं हे एकट्या मुलीने का शिकावं?

आजच्या तासाला करून बघण्याजोगं एक काम सांगते. जाड कागदाची पट्टी कापायची. तिच्यावर एका टोकापासून ११.५ आणि १२.५ सेंटिमीटरला खुणा करायच्या. अंगणवाडीत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बाळांचा दंड अशाच खुणांच्या पट्टीने मोजतात. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, डाव्या हाताला. माप ११.५ च्या खाली आलं तर कुपोषण तीव्र, त्याच्या वर पण १२.५ च्या आत आलं तर मध्यम. हे आकडे लगेच सांगू नयेत. आधी पट्टीचं ११.५ वर कडं करून मुलांच्या हाती द्यावं. ती त्यात बोटं घालून बघतात, एकमेकांच्या मनगटाला लावतात, आणि कुणीतरी विचारतंच, "बाई, एवढासा दंड कुणाचा असतो?" हा प्रश्न त्यांच्याकडून आला, की पुढचं सगळं ती कान देऊन ऐकतात. मग पट्टी घरी न्यायची. धाकट्या भावंडाचं माप कमी भरलं तर त्याला चिडवायचं नाही, घाबरायचंही नाही. आईला घेऊन अंगणवाडीताईंकडे जायचं, तिथे त्याचं वजन होतं आणि पुढे काय करायचं ते त्या सांगतात. पट्टीला जुन्या वहीचा पुठ्ठा चालतो. रबरी किंवा ताणली जाणारी मात्र घेऊ नये, माप चुकतं.